जाब कुणी कुणाला विचारायचा?

मराठीत 'जाब विचारणे' अशी एक क्रिया आहे. शेजारच्या पोराने आपल्या पोराला मारले की आई शेजारणीच्या दारात जाते आणि जाब विचारते. आठ-आठ दिवस नळाला पाणी आले नाही की बायका रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर जातात आणि मुख्याधिकाऱ्याला जाब विचारतात. वर्तमानपत्र उघडावे तर रोज कुणीतरी कुणाला तरी जाब विचारीत असतोच. या क्रियेविषयी आम्हाला येथे भांडायचे आहे. कारण या क्रियेतला शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला, तो आम्ही शिकवतो त्या उर्दूतही नांदतो आहे. पण क्रिया मात्र महाराष्ट्रातल्या मुसलमानाच्या वाट्याला कर्ता म्हणून क्वचितच आली. जाब त्याला विचारला जातो. तो कुणाला विचारीत नाही.

आधी अर्थ नीट पाहू. प्रश्न विचारणे वेगळे आणि जाब विचारणे वेगळे. 'तू काल का आला नाहीस?' हे वाक्य मित्रानेही म्हणावे आणि मुकादमानेही म्हणावे. शब्द तेच, पण मित्राचा तो प्रश्न असतो आणि मुकादमाचा जाब. फरक आवाजाच्या पट्टीत आहे असे वाटते. खरे तर तो नात्यात आहे. जाब विचारणारा धरून चालतो की समोरचा मला उत्तर द्यायला बांधलेला आहे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला आपण वाट विचारू शकतो, किती वाजले ते विचारू शकतो. जाब नाही विचारू शकत. विचारलाच तर तो म्हणेल, 'तुम्ही कोण मला विचारणार?' आणि त्याचे बरोबर असेल.

या क्रियेचे सगेसोयरेही पाहावेत. खडसावणे, दरडावणे, धारेवर धरणे, अंगावर धावून जाणे. खडसावणाऱ्याला उत्तर नकोच असते. उलट उत्तर दिले की तो आणखी चिडतो. अंगावर धावून जाणाऱ्याचे तर शब्दच संपलेले असतात. 'हुज्जत' या शब्दाची गंमत पाहा. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, दलील. मराठीत येता येता तिच्यातली दलील गळाली आणि नुसते भांडण उरले. 'तंबी' म्हणजे मुळात 'तंबीह', सावध करणे. मराठीत ती वरच्याने खालच्याला द्यायची धमकी झाली. 'हजेरी' म्हणजे उपस्थिती. पण 'हजेरी घेणे' म्हटले की पटावरची नावे वाचणे एवढाच अर्थ होत नाही, चांगली कानउघाडणी करणे असाही होतो. या सगळ्यांत 'जाब' निराळा आहे. त्यात राग आहे, पण उत्तराची अपेक्षाही आहे. उत्तराची अपेक्षा काढून घेतली तर ती दमदाटी होते. राग काढून घेतला तर नुसती चौकशी उरते.

आता शब्दाचे घराणे. मूळ अरबी 'जवाब', म्हणजे उत्तर. फारसीतून तो दरबारात आला, दरबारातून कचेरीत आणि कचेरीतून मराठी माणसाच्या ओसरीवर. येथे त्याला किती लेकरे झाली पाहा. पोलीस नोंदवतात तो 'जबाब'. जमावाने साहेबाला विचारायचा तो 'जाब'. जुन्या कागदांतला 'जाबसाल', म्हणजे जवाब आणि सवाल. पोलिसी मराठीत 'जाबजबाब', म्हणजे एकच शब्द दोनदा. तमाशाच्या फडावरचे 'सवाल-जवाब'. आणि सर्वांत थोरली लेक 'जबाबदारी'. ('जबानी' मात्र या घरातली नव्हे; ती 'जबान'पासून, म्हणजे जिभेपासून आली.) एका शब्दाची ही प्रजा उर्दूतही इतकी फुलली नाही. आमच्या वर्गातली मुले 'जिम्मेदारी' म्हणतात. 'जिम्मा' म्हणजे सोपवलेले काम. मराठीने एक पाऊल पुढे टाकले आणि जबाबदारीतच जबाब बसवला. ज्याच्यावर काम सोपवले त्याने उत्तरही दिले पाहिजे, हा न्याय मराठी भाषेने शब्दातच कोरून ठेवला आहे. आमची सगळी तक्रार या एका न्यायावर उभी आहे, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

असे शब्द मराठीतून काढून टाकावेत असे म्हणणारेही होऊन गेले. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तारखेचा 'दिनांक' झाला, हजर माणूस 'उपस्थित' झाला. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. एवढे होऊनही 'जाब' हलला नाही. मोर्चात 'स्पष्टीकरण द्या' म्हणून भागत नाही, 'जाब द्या' असेच म्हणावे लागते. ज्या मोर्चातले लोक मुसलमानांना परके म्हणतात, तेही परकेपणाचा जाब याच शब्दाने विचारतात.

येथे आमच्याच लेखकमंडळींशी आमचे पहिले भांडण आहे. असे शब्द सापडले की आपल्या व्यासपीठांवर आनंदाचे भरते येते. मराठीत अरबी-फारसी शब्द किती, शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्र डफावर जागवला, डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सगळे खरे, सगळे अभिमानाचे. पण ही यादी आपण कुणाला वाचून दाखवतो आहोत? ज्याने 'तुम्ही इथलेच कशावरून?' असे विचारले त्याला. म्हणजे त्याचा जाब विचारण्याचा हक्क मान्य करून आपण पुरावे जोडीत बसलो आहोत. त्याच १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखनाचा मोठा भाग 'कैफियत' या प्रकारात मोडतो. कैफियत म्हणजे आरोपीने मांडायची बाजू. कथेतला अब्दुल देशभक्त निघतो, कवितेतली आई वारकऱ्यांना पाणी देते, लेखाच्या शेवटी एकोप्याची दुआ. यात खोटे काहीच नाही. पण दलित साहित्याने असे पुरावे जोडले नाहीत. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती 'आम्हीही चांगले आहोत' हे सांगायला नव्हे. त्या पिढीने गावाला जाब विचारला आणि मराठी भाषेला तो ऐकून घ्यावा लागला. आपण अजून प्रमाणपत्राच्या रांगेत आहोत.

आता दुसरे भांडण, आम्हाला जाब विचारणाऱ्यांशी. जगाच्या पाठीवर कुठे बॉम्ब फुटला, कुठे एखाद्या माथेफिरूने अल्लाचे नाव घेऊन माणसे मारली, की दुसऱ्या दिवशी लातूरच्या किंवा मिरजेच्या एखाद्या दुकानदाराला विचारणा होते, 'काय भाई, तुमच्या लोकांनी हे काय केले?' शिक्षकांच्या खोलीत विचारतात, एस.टी.त विचारतात. कधी हसत, कधी आवाज चढवून. निषेध केलात का? केलात तर मोठ्याने का नाही केलात? क्रिकेटचा सामना असला की आणखी एक परीक्षा. विचारणाऱ्याला वाटते, हा साधा प्रश्न आहे. नव्हे, हा जाब आहे. आणि जाबाचा न्याय आम्ही वर सांगितला: ज्याच्यावर काम सोपवले, त्याने उत्तर द्यायचे. त्या बॉम्बचे, त्या माथेफिरूचे कुठले काम या दुकानदारावर सोपवले होते? त्याच्या हाती त्याचे दुकान आहे. मापात पाप केले तर त्याला जरूर जाब विचारा. एकाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर नाही, ही कुरआनची शिकवण आहे. आणि देशाचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. निषेध आम्ही करतो, माणूस म्हणून करतो, आमच्या मनाने करतो. तो वसूल करण्याचा हक्क कुणाला नाही.

हा जाब केवळ बोलण्यापुरता राहिला असता तर आम्ही सोडूनही दिले असते. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजानंतर, हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान. आणि आरोपी म्हणून धरले तेही मुसलमान. त्यांचे जबाब नोंदवले गेले, तुरुंगात वर्षे गेली. नऊ आरोपींपैकी एक निकालाआधीच वारला. २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. एकाच शब्दाची दोन लेकरे येथे समोरासमोर उभी आहेत. ज्यांच्याकडून जबाब घेतला, त्यांनी आता जाब कुणाला विचारायचा? गेलेल्या वर्षांचा, घरच्यांनी सोसलेल्या बोलण्याचा, 'अतिरेक्याचे घर' म्हणून ओळखल्या गेलेल्या दाराचा? मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. त्यात ज्यांच्यावर ठपका होता त्यांना कुणी कितपत जाब विचारला, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जाब वरून खाली वाहतो, पाण्यासारखा. खालून वर न्यायला उपसा लागतो. तो उपसा आपल्याकडे नाही, हे आपले खरे दुखणे.

नाही तो का? काहीजण म्हणतील, भीतीमुळे. भीती आहेच, तिला आम्ही हसत नाही. पण भीती एवढेच कारण नाही. आपल्याकडे जाब विचारण्याच्या जागी दोनच गोष्टी चालतात. एक तर खुलासा. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सार, थोडक्यात मतलब. मराठी सरकारी भाषेत खुलासा म्हणजे साहेबाने मागवलेले लेखी उत्तर. 'खुलासा सादर करावा' असा कागद आला की पोटात गोळा येतो, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. आपल्या पुढाऱ्यांचा एक वर्ग आयुष्यभर समाजाच्या वतीने असा खुलासा सादर करीत असतो. दुसरी गोष्ट म्हणजे अंगावर धावून जाणे. दुसरा वर्ग ते करतो. चौकात माईक, आवाज टिपेला, पोरांच्या टाळ्या, दुसऱ्या दिवशी पोरांवर गुन्हे आणि भाषण करणारा दुसऱ्या गावी. दोघांनीही जाब विचारलेला नसतो. पहिल्याने राग सोडला, दुसऱ्याने उत्तराची अपेक्षा सोडली. जाबाला दोन्ही लागतात, आणि शिवाय तिसरे काहीतरी लागते: हातात कागद, तारीख आणि ज्याला विचारायचे त्याचे नेमके पद.

वास्तविक ही रीत आपल्या परंपरेत आहे. हजरत उमर (रजि.) यांची रिवायत उर्दू शाळांतल्या मुलांना ठाऊक असते. वाटणीत प्रत्येकाला सारखेच कापड आले, आणि खलीफांच्या अंगावरचा कुर्ता त्यात बसत नव्हता. भर सभेत एक साधा माणूस उठला आणि म्हणाला, आधी याचे उत्तर द्या, मग आम्ही ऐकू. खलीफा त्याच्या अंगावर धावून गेले नाहीत. त्यांच्या मुलाने उठून सांगितले, मी माझा वाटा वडिलांना दिला आहे. तो माणूस खाली बसला. दुसऱ्या रिवायतीत एक स्त्री उभी राहते, मेहेरवर मर्यादा घालण्याच्या विचाराला हरकत घेते आणि खलीफा आपले म्हणणे मागे घेतात. या गोष्टी आपण खलीफांच्या मोठेपणाच्या म्हणून सांगतो. त्या माणसाच्या आणि त्या स्त्रीच्या मोठेपणाच्या म्हणून का सांगत नाही? ज्याच्या हाती जे सोपवले त्याविषयी त्याला विचारले जाईल, हे हदीसचे सांगणे आहे. जबाबदारी या मराठी शब्दाचा अर्थ याहून वेगळा नाही.

म्हणून तिसरे भांडण घरातले. वक्फच्या जमिनीवर दुकाने उभी राहतात, भाडे नाममात्र, हिशेब मुतवल्लीच्या खिशात. जुम्याला शेकडो माणसे त्याच्या मागे-पुढे सफेत उभी असतात. एकजण विचारत नाही, 'हाजीसाब, जमाखर्च दाखवा.' विचारले तर म्हणतात, मशिदीत दुनियेच्या गोष्टी नकोत. मदरशाची वर्गणी, जमातीचा निवाडा, शाळा चालवणाऱ्या संस्थेतली नेमणूक, सगळीकडे तेच. आणि बाईने जाब विचारला तर? 'बदजबान' ठरते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. दलवाईंच्या अनेक मतांशी या पानांवरचे पुष्कळ वाचक सहमत नसतील. आम्हीही सगळ्यांशी नाही. पण त्या सात जणींनी काय केले ते मोजावे. त्यांनी खुलासा दिला नाही, त्या कुणाच्या अंगावर गेल्या नाहीत. 'तीन शब्दांत आमचा संसार का मोडता?' एवढाच जाब होता. जमातीने तो ऐकून घेतला असता तर? ऐकला नाही. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला, २०१९ साली तुरुंगवासाचा कायदा आला. त्या कायद्याविषयी आपल्याला हजार आक्षेप घेता येतील. परंतु घरातल्या लेकीचा जाब दारात अडवला की तो कचेरीत जातो, आणि कचेरी मग आपल्या मर्जीने उत्तर देते, हे तर कबूल करावे लागेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. 'बाहेर सगळे टपलेले आहेत. अशा वेळी घरातले उणेदुणे चव्हाट्यावर कशाला?' आम्ही उलट विचारतो, मुतवल्लीला हिशेब विचारायची ज्याला हिंमत नाही, तो कलेक्टरला काय विचारणार? जाब ही सवयीची गोष्ट आहे. ती मोहल्ल्यात लागते, मग मंत्रालयात उपयोगी पडते. शिवाय घरात विचारला गेलेला जाब बाहेरच्याचे हत्यार काढून घेतो. बाहेरच्याला विचारायला काही उरतच नाही.

आणि बाहेर विचारण्यासारखे किती पडले आहे! सच्चर समिती २००५ साली नेमली, २००६ साली अहवाल आला. महाराष्ट्रात मेहमूद-उर-रहमान समिती २००८ साली नेमली, २०१३ साली तिचा अहवाल आला. २०१४ साली पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांपुरते ते थांबवले, शिक्षणापुरते राहू दिले. नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि वटहुकूम मुदत संपून गेला. या अहवालांवर आपण परिसंवाद किती घेतले आणि आपल्या आमदाराला तारीख घालून लेखी किती विचारले? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. एका अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यात आवाज चढवायची गरज नाही, कुणाच्या अंगावर जायची गरज नाही. तो कागदावरचा जाबच आहे. शिक्षणहक्क कायद्याने जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. उर्दू शाळेत गणिताला शिक्षक नाही, स्वच्छतागृहाला दार नाही, पुस्तके दिवाळीनंतर आली, याचा जाब विचारायला कायद्यानेच बुरख्यातल्या आईला खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवर तिला बसू द्यावे. तिच्याकडून घरी सही घेण्यासाठी रजिस्टर पाठवण्याची रीत बंद करावी.

शेवटी वर्गाविषयी, कारण क्रिया तेथे शिकवली जाते. आपल्या शाळांत 'जवाब दो' हे वाक्य दिवसातून शंभर वेळा ऐकू येते. सवाल पुस्तकाचा, विचारणारे उस्ताद, जवाब मुलाचा. दहा वर्षे हेच. मग मूल बाहेर पडते तेव्हा त्याला एकच गोष्ट येत असते, विचारल्यावर उभे राहून उत्तर देणे. चौकीत, मुलाखतीत, एस.टी.त. मराठीच्या तासाला 'जाब' आला की मुले त्याला छपाईची चूक समजतात आणि 'जवाब' करून टाकतात. त्यांची दुरुस्ती लाल शाईने करून भागणार नाही. हे दोन शब्द वेगळे आहेत, हे त्यांना सांगितले पाहिजे. जवाब द्यायचा असतो, जाब विचारायचा असतो. नम्रपणे विचारता येतो, सलाम करूनही विचारता येतो, पण उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचे नसते. आठवड्यातून एक तास मुलांनी विचारावे आणि शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी, संस्थाचालकांनी उत्तर द्यावे. असा तास वेळापत्रकात घालायला कुठल्या समितीच्या अहवालाची गरज नाही.

मराठीला आम्ही शब्द दिला, याचा हिशेब आता पुरे झाला. वाक्य अपुरे आहे. कर्म म्हणून आम्ही त्यात पुष्कळ राहिलो. आता कर्त्याची जागा भरायची आहे. मुतवल्लीपासून मंत्र्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी आमच्या नावाची कामे अंगावर घेतली आहेत, त्यांनी जमाखर्चाच्या वह्या काढून ठेवाव्यात.